६० एकर कॅम्पस, काळी माती आणि नाला: नवी इमारत नेमकी कुठे बसवावी?

कॅम्पस_समिती (हिंगणा रोड) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नागपूरच्या पश्चिमेला आमच्या विद्यापीठाचं सुमारे ६० एकरांचं आवार आहे. त्यात एक शैक्षणिक इमारत (तळमजला अधिक तीन मजले, एकूण ६,००० चौ.मी.) आणि ४०० विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधायचं आहे.

जागा अशी: रस्त्याकडची पश्चिम बाजू उंच आहे, तिथे फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. ती पार्किंग आणि क्रीडांगणासाठी राखली आहे. पूर्वेकडे जमीन नाल्यापर्यंत उतरत जाते. तिकडे सगळी काळी माती, जुन्या विहिरीच्या कडेला पाहिलं तर आठ-नऊ फूट जाड. मधल्या पट्ट्यात जुने कडुनिंब, मोह आणि बाभळी आहेत.

आर्किटेक्टच्या आराखड्यात इमारत नाल्याजवळच्या सपाट भागात आहे, कारण ती जागा रिकामी आहे आणि झाडं तोडावी लागत नाहीत. दर्शनी बाजू पश्चिमेला, पूर्ण काचेची. छतावर सोलर, चारही कोपऱ्यांत पावसाच्या पाण्याचे शोषखड्डे, आणि या सगळ्यावर ग्रीन रेटिंग.

विचारायचं आहे ते हे. जागा बदलण्याचा आग्रह धरावा का? काळ्या मातीत शोषखड्डे चालतात का? पश्चिमेच्या काचेचं काय करायचं? आणि पैसा मर्यादित असताना आधी खर्च कशावर करायचा?

मुरूम_ते_खडक

जागा बदलण्याचा आग्रह धराच, आणि तो आराखडा मंजुरीला जाण्याआधी धरा. इन्सुलेशन नंतर वाढवता येतं, सोलर नंतर बसवता येतं. नाल्याकाठी उभी केलेली इमारत चढावर नेता येत नाही.

नाल्याजवळचा भाग सपाट आहे तो बहुधा पुराच्या पाण्यानेच केलेला असतो. पाणी पसरतं, गाळ बसतो, जमीन सपाट होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला होता. तुमचा नाला लहान असेल, पण त्याच्या वरच्या अंगाला जसजसे ले-आउट पडतील, रस्ते डांबरी होतील, तसतसं तेच पावसाचं पाणी जास्त प्रमाणात आणि लवकर खाली येईल. पूररेषांमध्ये निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या नाल्याला ती आखलेली नसेल तर जलविज्ञानाच्या जाणकाराकडून काढून घ्या, आणि वरचं पाणलोट क्षेत्र पूर्ण बांधलेलं आहे असं गृहीत धरूनच काढायला सांगा.

आराखड्याआधी दोन कामं करा. पूर्ण आवाराचा अर्धा मीटर अंतराच्या समोच्च (समान उंचीच्या) रेषांचा सर्व्हे, आणि आठ-दहा ठिकाणी जेसीबीने तीन मीटर खोल चाचणी खड्डे. प्रत्येक खड्ड्यात काळ्या मातीची जाडी, मुरूम कुठे लागला आणि पाणी झिरपतंय का, हे नोंदवा. मातीची फुगवण तुमच्या सिव्हिलच्या प्रयोगशाळेतच मोजता येईल. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा. हवेचे बुडबुडे काढून २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही आकारमानांतला फरक भागिले रॉकेलातलं आकारमान, गुणिले १००. उत्तर ५० च्या आत असेल तर चिंता कमी. १०० च्या वर असेल तर त्या मातीवर साधी पायाभरणी करूच नका.

बिघाड कसा होतो तेही समितीला सांगा, म्हणजे ‘एवढं काय’ असं कुणी म्हणणार नाही. मे महिन्यात या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनमध्ये इमारतीच्या कडेची माती आधी भिजते, फरशीखालची कोरडीच राहते. कडा उचलल्या जातात, मधला भाग जागेवर राहतो, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. पुढच्या उन्हाळ्यात त्या मिटल्यासारख्या दिसतात. मग ठेकेदार त्यात पुट्टी भरून मोकळा होतो आणि पावसाळ्यात भेग पुन्हा तिथेच उघडते.

नाल्याकडे एखादी छोटी इमारत बांधावीच लागली तर: काळी माती दीड-दोन मीटरपर्यंत असेल तर ती पूर्ण खणून फुटिंग (पायाचा रुंद तळ) मुरुमावर ठेवा, आणि खड्डा मुरुमानेच भरा. खणलेली काळी माती परत आत टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. माती त्याहून खोल असेल तर आयएस २९११ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब), किमान साडेतीन मीटर खोल. ३०० मिमीच्या पाइलला खाली ७५० मिमीचा फुगवटा येतो. प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) ७५-८० मिमी पोकळी सोडा, नाहीतर फुगणारी माती बीमच उचलते. फरशीखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर हवा. आयआयटी मुंबईत डॉ. आर. के. कट्टी यांनी ज्या थरावर काम केलं तोच हा. बाहेरून दीड मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली फरसबंदी करा.

हा सगळा खर्च पश्चिमेच्या मुरुमावर वाचतो. क्रीडांगण खाली न्या. मैदानात दोन दिवस पाणी साचलं तर सामना पुढे ढकलता येतो.

शोषखड्ड्यांबद्दल: काळ्या मातीत ते चालत नाहीत. माती भिजली की फुगून स्वतःच बंद होते, आणि तोच खड्डा पायाशेजारी असेल तर वर सांगितलेला बिघाड तुम्हीच घडवून आणता. इमारतीच्या चार कोपऱ्यांत खड्डे ही तर सगळ्यात वाईट जागा.

छज्जा_आणि_छत

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. जागा पश्चिमेच्या उंचवट्यावर हलली की दर्शनी बाजूचा प्रश्नही नव्याने मांडता येईल.

नागपूरचं अक्षांश साधारण २१.१५ अंश उत्तर. त्यामुळे मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, आणि २१ डिसेंबरला दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून ४५ अंशांवर येतो. याचा अर्थ दक्षिण बाजू इथे सगळ्यात सोपी आहे. १२० सेमी उंच खिडकीवर, तिच्या माथ्यालगत ६० सेमीचा छज्जा दिला तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी पूर्ण काच सावलीत राहते, आणि थंडीत ऊन आत येतं. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना तीसेक सेमी जास्त लांब ठेवा, नाहीतर सकाळी दहाचं आणि दुपारी दोनचं तिरपं ऊन कडेने घुसतं.

पश्चिमेला छज्जाचा उपयोग जवळजवळ नाही. चार वाजता सूर्य खाली उतरलेला असतो आणि बाहेर ४४ अंश असतात. तिथे काच लावून नंतर फिल्म चिकटवणं म्हणजे ऊन आत घेऊन मग एसीने बाहेर काढणं. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब करा, वर्ग उत्तर-दक्षिण उघडे ठेवा, आणि पश्चिमेच्या टोकाला जिने, स्वच्छतागृहं, लिफ्ट, भांडार असं सगळं एकत्र करा. रस्त्यावरून दिसायला भव्य काही हवंच असेल तर तिथे खोल व्हरांडा आणि फ्लाय अॅशच्या विटांची किंवा टेराकोटाची जाळी करा. जाळी भिंतीपासून किमान ६०-७५ सेमी पुढे असावी, म्हणजे तापलेली हवा मधून वर निघून जाते. जाळी काचेला चिकटवली तर तिची तापलेली पाठ रात्री आठपर्यंत आत उष्णता सोडत राहते.

विद्युत भार १०० किलोवॉट किंवा करारातील मागणी १२० केव्हीए झाली की इमारत ईसीबीसी २०१७ (ऊर्जा बचतीची इमारत संहिता) च्या कक्षेत येते. तुमची बहुधा येईल. त्यात ठरीव आकड्यांच्या साध्या पद्धतीने काचेचं प्रमाण एकूण भिंतीच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आणि नागपूर ज्या संमिश्र हवामान पट्ट्यात मोडतं तिथे उत्तर सोडून इतर दिशांना काचेचा एसएचजीसी (काचेतून आत येणाऱ्या सूर्याच्या उष्णतेचं प्रमाण) ०.२७ च्या आत हवा. ‘पूर्ण काचेची दर्शनी बाजू’ इथेच अडते. समितीत मतभेद असतील तर हा आकडा पुढे ठेवा, चर्चा लवकर संपेल.

छतावर मात्र हात आखडू नका. उघड्या १५० मिमी स्लॅबमधून दिवसभर आत येणारी उष्णता वरच्या मजल्याला भट्टी करते. संहितेप्रमाणे छताचा यू-व्हॅल्यू (उष्णता आरपार जाण्याचा दर, कमी तितका चांगला) ०.३३ गाठायला ७५-८० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचे बोर्ड) लागतं. क्रम असा: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस (सांधे दोन थरांत एकमेकांवर येऊ न देता), जिओटेक्स्टाइल (गाळणीचं कापड), उताराचा कोबा, आणि वर पांढऱ्या चिनी तुकड्यांची मोझॅक. एक्सपीएस स्लॅबच्या खालून लावू नका. स्लॅब तापत-निवत राहतो, सांध्यांना भेगा जातात आणि गळती सुरू होते. नुसता पांढरा रंग स्वस्त आहे, पण धुळीने एक-दोन उन्हाळ्यांत करडा पडतो. दर मार्चमध्ये धुवायचं कुणाच्या कामाच्या यादीत असेल तरच तो करा.

भिंतींना फ्लाय अॅशच्या विटा घ्याच. कोराडी आणि खापरखेडा जवळ आहेत, राख लांबून आणावी लागत नाही. पण २३० मिमीची साधी भिंत उष्णता फारशी रोखत नाही, यू-व्हॅल्यू २ च्या आसपास. पश्चिम आणि पूर्व भिंत तरी २०० मिमी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची करा, ०.७ च्या जवळ येते. एएसीला सावलीत साठवण, पातळ थराचं ब्लॉक अॅडहेसिव्ह आणि आरसीसीच्या सांध्यावर किमान ३० सेमी रुंद जाळी लागते. जाळी न लावता प्लास्टर केलं की कॉलमच्या कडेने सरळ उभी भेग जाते. ती पायाची भेग नाही, सांध्याची आहे. दोन्हींत गल्लत करून भलत्याच ठिकाणी दुरुस्ती होते.

कॅम्पस_समिती

फार उपयोगी. आणखी एक. आवारातल्या रस्त्यांना सावली म्हणून दुतर्फा सागवान लावायचं जवळपास ठरलं आहे, रोपं आलीही आहेत. शिवाय पश्चिम भिंतीलगत झाडांची रांग हवी आहे. काळी माती असताना ते चालेल का?

गवताळ_माळ

सागवान रस्त्याला नको. विदर्भात सागाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, आणि एप्रिल-मे मध्ये सावली पाहिजे तेव्हा झाड निष्पर्ण उभं असतं. पळसही देखणा, पण मार्चमध्ये त्यावर फुलं असतात, पानं नसतात. आलेली रोपं पूर्वेच्या हद्दीला गटाने लावा, वाया जाणार नाहीत.

सावलीच्या रस्त्यासाठी करंज आणि कडुनिंब. दोघांचीही पानगळ उन्हाळ्याआधीच उरकते आणि एप्रिलपर्यंत नवी पालवी दाट होते. मधूनमधून चिंच, आणि नाल्याच्या काठाला अर्जुन, जांभूळ, उंबर. अंतर सात-आठ मीटर. चार-पाच मीटरवर लावली तर दहा वर्षांनी छाटणीचा खर्च आणि वाकडी खोडं. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो, पार्किंगवर तर नकोच. कोनोकार्पस झपाट्याने हिरवं दिसतं म्हणून नर्सऱ्या पुढे करतात. गुजरात आणि तेलंगणाने त्याच्यावर बंदी घातली आहे, त्या वाटेला जाऊ नका.

खड्डा मे मध्ये खणा, १ मीटर बाय १ मीटर बाय १ मीटर, ऊन खाऊ द्या. पश्चिमेच्या मुरमाड भागात खणलेला मुरूम परत न भरता काळी माती, शेणखत आणि मुरूम सारख्या प्रमाणात. दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या पावसानंतर लागवड. फूटभराचं रोप लावून मोकळं होऊ नका. सहा-आठ फुटांचं, बांबूचा आधार दिलेलं रोप जनावरांपासून वाचतं.

ही काळी माती आणायची कुठून? तुमच्याच इमारतीखालून. बांधकामाच्या जागेवरचा वरचा १५-२० सेमी थर आधी काढून वेगळा रचा, ढीग दीड मीटरहून उंच नको. पावसाळ्यात त्यावर ताग किंवा ढेंचा पेरा, माती जिवंत राहील आणि वाहून जाणार नाही. डंपरने मुरुमाखाली गाडली गेली की ती परत मिळत नाही.

मधल्या पट्ट्यातले मोह आणि कडुनिंब सर्व्हेत एकेक करून नोंदवा: खोडाचा घेर, छत्रीचा व्यास, आरोग्य. छत्रीच्या कडेपर्यंत जमीन बंदिस्त करा, त्यात साहित्य रचणं, वाहन नेणं, चर खणणं बंद. बांधकामात झाडं कुऱ्हाडीपेक्षा मुळांवरून फिरणाऱ्या मिक्सरने जास्त मरतात, आणि ती तीन-चार वर्षांनी सुकतात तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तोडायचं झालंच तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे ठेकेदाराच्या करारातच लिहा.

नाल्याकडच्या मोकळ्या भागात लॉन लावू नका. आहे ते गवत राहू द्या, ऑक्टोबरअखेर बी पडल्यावर एकदा कापा. माळटिटवी, चंडोल अशा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना तेच लागतं.

पश्चिम भिंतीची रांग चार मीटरवर लावा, करंज. तिसऱ्या मजल्यापर्यंत सावली नाही पोचणार, पहिले दोन मजले झाकले जातील.

मुरूम_ते_खडक

चार मीटरला माझी हरकत आहे, निदान काळ्या मातीवर. मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी पाणी ओढतं, त्या बाजूची माती आकसते, आणि इमारतीची एकच कड खाली बसते. काळ्या मातीवर झाड त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकं लांब असावं असा ठोकताळा आहे. करंज १२ मीटर होतो असं धरलं तर १२ मीटर.

इमारत पश्चिमेच्या मुरुमावर आली आणि फुटिंग थेट त्यावर टेकलं तर ही अडचण उरत नाही. मुरूम फुगत-आकसत नाही. तिथे पाच मीटर चालेल, फक्त ड्रेनेजचे चेंबर आणि पाइप रांगेच्या खालून नेऊ नका. सांधे किंचित झिरपले की मुळं तिकडेच वळतात.

गवताळ_माळ

मुरुमावर पाच मीटर, मान्य. वसतिगृह काळ्या मातीवर गेलं तर तिथे भिंतीला वेल आणि मांडव करू, मोठी झाडं बारा मीटरवर.

पाणी_वीज_हिशेब

पावसाचं पाणी आधी. नागपूरला वर्षाला सुमारे १,१०० मिमी पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबर. शैक्षणिक इमारतीचं छत १,५०० चौ.मी. धरलं आणि वीस टक्के वाया गेलं तरी वर्षाला १३ लाख लिटर येतं. ताशी १०० मिमीची सर धरा आणि ११० मिमीचा पाइप साधारण ४० चौ.मी. छतामागे एक द्या. इथेच काटकसर होते, आणि मग पहिल्या मोठ्या सरीत पाणी पॅरापेटवरून जिन्यात उतरतं. पहिला २ मिमी पाऊस, म्हणजे ३,००० लिटर, धुळीसकट बाजूला सोडा. पुढचं पाणी आधी टाकीत, टाकी भरली की जुन्या विहिरीत. विहिरीआधी मोठे दगड, खडी, रेती असा तीन थरांचा गाळण कप्पा, आणि वरची रेती दर मेअखेरीस खरवडून बदलायची. रेतीवर चिखलाची साय धरली की पाणी बायपासने नाल्यात जातं आणि वर्षभर कुणाला कळत नाही. बायपासचा पाइप उघड्यावर, दिसेल असा ठेवा.

छतं, रस्ते, पार्किंग मिळून १५,००० चौ.मी. झाकलं जाईल असं धरा. १०० मिमीच्या सरीत तिथून साधारण १,३५० घनमीटर पाणी एकदम सुटतं. तेवढं अडवणारं तळं नाल्याकाठच्या त्याच सपाट भागात खणा: सरासरी दीड मीटर खोल, ९०० चौ.मी. कडांना १:२ उतार. बांधाच्या गाभ्यात काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि जूनच्या पहिल्या पाण्यात त्या भेगांतूनच फुटतो. तळाशी छोटा पाइप ठेवा, तळं एका दिवसात रिकामं व्हायला हवं. पावसाळाभर भरलेलं तळं पुढच्या सरीला जागा देत नाही.

वसतिगृह: माणशी १३५ लिटर धरून रोज ५४,००० लिटर वापर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने इथेच विकसित केलेल्या फायटोरिडसारखी, खडीच्या थरातल्या वनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत कॅम्पसला बरी पडते, कारण मे महिन्यात वसतिगृह रिकामं होतं. हवा फुंकून चालणाऱ्या संयंत्रातले जिवाणू सुट्टीत उपाशी मरतात आणि जुलैमध्ये दुर्गंधी येते. पण आधीची सेटलिंग टाकी वेळेवर उपसली नाही तर खडीचा थर तुंबतो. तो एकदा तुंबला की खडी काढून धुण्याशिवाय इलाज नाही.

हे पाणी कुठे पुरेल बघा. मे मध्ये ५० जण राहिले तरी आठवड्याला ३७-३८ हजार लिटर मिळतं. ५०० रोपांना आठवड्यातून दोनदा २० लिटर म्हणजे २०,००० लिटर, आरामात भागतं. एक एकर लॉनला मात्र मे मध्ये रोजच २० हजारांच्या वर लागतं. लॉनला विरोधाचं हे दुसरं कारण.

थंडाव्यासाठी वर्गांना एसी नको, डक्टचा कूलर. मे मधल्या कोरड्या दुपारी बाहेर ४४ आणि वेट बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान) २४ असेल तर ८० टक्के कार्यक्षमतेच्या पॅडमधून हवा २८ अंशांवर येते. ८० चौ.मी. वर्गाला तासाला वीस वेळा हवा बदलायची तर सुमारे ५,३०० घनमीटर हवा आणि तासाला ४० लिटर पाणी. जितकी हवा आत तितकी बाहेर जायला हवी. कूलर चालू आणि खिडक्या बंद असतील तर वर्ग दमट होतो आणि लोक कूलरला दोष देतात. उलट भिंतीला वर झरोके ठेवा, बंद न करता येणारे. इथलं बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर क्षार चढतात, म्हणून टाकीतलं थोडं पाणी सतत सोडत राहावं लागतं. जुलैपासून कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा पंखे. ७५ वॉटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा). एसी फक्त सर्व्हर आणि संगणक कक्षाला.

सोलर शेवटी. १,५०० चौ.मी. छतातलं ६० टक्के वापरता आलं तर ९० किलोवॉट, वर्षाला १.२५ ते १.३५ लाख युनिट. पॅनेल माणूस खालून चालेल एवढ्या उंचीवर घ्या, छताला सावलीही मिळते आणि कोबा दुरुस्त करायला जागा राहते. मोझॅक आणि वॉटरप्रूफिंगच्या आधीच पॅनेलच्या खांबांचे पेडेस्टल (खांब बसवायचे काँक्रीटचे ठोकळे) स्लॅबसोबत ओतून घ्या. नंतर ड्रिल करून बसवलेला प्रत्येक खांब म्हणजे गळतीची एक जागा.

निविदेत एक अट जरूर टाका: छताची गळती आणि इन्सुलेशन यांची हमी एकाच ठेकेदाराची, आणि अनामतीचा ठरावीक हिस्सा दोन पूर्ण पावसाळे गेल्यावरच परत. वॉटरप्रूफिंगवाला एक, सोलरवाला दुसरा असेल तर दोघांच्या कामाची संयुक्त पाहणी पेडेस्टल ओतल्यानंतर आणि कोबा टाकण्याआधी करा. त्या दिवशी २५ मिमी पाणी ४८ तास छतावर उभं ठेवून खालून स्लॅब तपासा.